काजू लागवड : कलमे आणि रोपे करताना या चुका टाळा

काजूच्या नव्या बागेत जे कलम सर्वांत जोमाने वाढते, त्याच्याकडे आधी संशयाने पाहावे. आमच्याकडील वेंगुर्ला-७ या काजूच्या जातीच्या कलमांपैकी एक इतरांच्या दीडपट उंच झाले होते आणि मी ते येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवीत असे. बुंध्याशी बसून गवत काढताना लक्षात आले, की जोडावर बांधलेली चांगल्या जातीची काडी केव्हाच वाळून तिचे बोटभर थोटूक उरले होते आणि इतके दिवस वाढत होता तो खालचा खुंट.

खुंट म्हणजे ज्यावर काडी बांधतात ते, बियांपासून केलेले रोप. काजूत परपरागीकरण होत असल्याने उत्तम झाडाच्या बियांपासूनही तसेच झाड मिळेल याची खात्री नसते. म्हणूनच कलम बांधायचे. जोडाखाली येणारी फूट पहिल्या वर्षी दर पंधरा दिवसांनी, कोवळी असतानाच नखाने खुडावी. लागण करताना जोड जमिनीपासून सुमारे ५ सेंमी वर ठेवावा आणि पावसात वाहून आलेली माती त्यावर चढू देऊ नये. जोडावरची प्लॅस्टिकची पट्टी काढायचे पुष्कळांच्या ध्यानातच राहत नाही. खोड जाड होऊ लागले की ती आत रुतते, तेथे खाच पडते आणि पुढे जोराच्या वाऱ्यात कलम नेमके तेथेच मोडते.

घरी कलमे बांधणाऱ्यांच्या चुका त्याआधीच सुरू होतात. खुंटासाठी त्याच हंगामातील ताजे, टपोरे बी घ्यावे, पाण्यात टाकून तरंगणारे बाजूला काढावे आणि उरलेले रात्रभर भिजवून, देठाकडील बाजू वर ठेवून, सुमारे अडीच सेंमी खोल पेरावे. बी उलटे पडले, तर कोंबाला वळसा घालून वर यावे लागते आणि खुंट बुडाशी वाकडा होतो. मृदुकाष्ठ कलमासाठी, म्हणजे कोवळ्या खुंटावर काडी बांधून करायच्या कलमासाठी, साधारण ४५ ते ६० दिवसांचा खुंट योग्य ठरतो. कलमकाडी मात्र त्याच दिवशी तोडून बांधण्याची घाई नडते. काडीची पाने आठवडा-दहा दिवस आधी देठ ठेवून छाटली, तर शेंड्याचा डोळा फुगतो आणि जोड जमल्यावर तो लवकर फुटतो.

कलमाला लवकर मोहोर येतो, ही त्याची खोडच म्हणावी. पहिली दोन वर्षे तो काढून टाकावा, हे सर्वांना ठाऊक असते. पण घरच्या काजूचे पहिले बोंड पाहण्याचा मोह कोणाला आवरतो?

माझा तो फसवा खुंट मी उपटला नाही. मुळे चांगली रुजलेली होती. तो गुडघ्याएवढ्या उंचीवर छाटला, आलेल्या फुटींपैकी दोन जोमदार फुटी ठेवल्या आणि त्या कोवळ्या असतानाच त्यांवर वेंगुर्ला-७ च्या काड्या बांधल्या. एक जगली, दुसरी फूट कापून टाकली.