उपदेशात ख्रिस्त शेवटच्या मिनिटाला येतो? या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात कपाटाला ओल आली म्हणून उपदेशाच्या जुन्या वह्या काढून खाटेवर पसरल्या. चाळता चाळता एक खेळ सुचला. प्रत्येक टिपणातलं प्रभूचं नाव पेन्सिलीनं खोडायचं आणि उरलेलं वाचून पाहायचं. बहुतेक टिपणांना काही झालंच नाही. धीर धरा, क्षमा करा, मुलांना वेळ द्या, प्रार्थनेत टिकून राहा. सगळं जागच्या जागी. प्रभूचं नाव होतं ते शेवटच्या दोन ओळींत, अर्जाखाली शिक्का मारावा तसं.

त्यात पाखंड काही नव्हतं, म्हणूनच इतकी वर्षं ते कोणाच्या लक्षात आलं नाही. ख्रिस्त नाकारला गेला तर मंडळी लगेच कान टवकारते. तो गृहीत धरला गेला तर सगळे ‘आमेन’ म्हणून घरी जातात. आता शनिवारी रात्री टिपण लिहून झालं की मी स्वतःला एक प्रश्न विचारतो: येशू वधस्तंभावर मेला नसता आणि तिसऱ्या दिवशी उठला नसता, तरी हा उपदेश असाच देता आला असता का? उत्तर ‘हो’ आलं की कुठे बिघडलंय ते शोधायला बसतो. बहुधा ते पुढच्यापैकी एका जागी सापडतं.

‘तुमचा गल्याथ कोणता?’

दाविदानं गोफणीनं पाडलेल्या, इस्राएलाच्या शत्रूंच्या म्हणजे पलिष्ट्यांच्या धिप्पाड योद्ध्यावरचा हा उपदेश मी स्वतः किती वेळा दिला, मोजत नाही. गल्याथ म्हणजे कर्ज, गल्याथ म्हणजे दहावीची परीक्षा. एका सभेत तर गल्याथ म्हणजे सासू असंही ऐकलंय. पाच गोटे म्हणजे विश्वास, प्रार्थना, उपवास, वचन आणि पाचवं सुचेना म्हणून दशांश. ऐकणारा घरी जातो तो ‘मला दावीद व्हायचंय’ हे ओझं घेऊन. मंगळवारपर्यंत गोफण हरवते.

1 शमुवेल 17 पुन्हा सावकाश वाचा. गल्याथ चाळीस दिवस सकाळ-संध्याकाळ आव्हान देतोय आणि इस्राएलाची फौज थरथर कापतेय. सगळ्या लोकांपेक्षा उंच असलेला शौल राजाही घाबरलाय. मग बेथलेहेमचा एक मेंढपाळ, आदल्याच अध्यायात अभिषेक झालेला, सगळ्यांच्या वतीनं एकटा उतरतो. तो जिंकला म्हणजे सगळे जिंकले. या गोष्टीत आपली जागा दाविदाची नाही, खोऱ्याच्या अलीकडे उभ्या असलेल्या फौजेची आहे. हे मान्य केलं की बेथलेहेमच्याच दुसऱ्या अभिषिक्ताकडे, ख्रिस्ताकडे, जायला ओढाताण लागत नाही. बरं, रोजच्या जगण्याला वचन लावून दाखवणंही सुटत नाही. गल्याथ पडल्यावर हीच भेदरलेली फौज आरोळी ठोकून पलिष्ट्यांच्या पाठी लागते. धैर्य येतं, पण विजयानंतर येतं. मी इतकी वर्षं ते आधी मागत होतो.

ओढूनताणून आणलेला ख्रिस्त

वरची चूक कळली की माणूस नेमका उलट्या बाजूला घसरतो. निवासमंडपाच्या, म्हणजे रानातल्या उपासनेच्या तंबूच्या, मेखांतही वधस्तंभ दिसू लागतो. यरीहोत इस्राएलाच्या हेरांना लपवणाऱ्या राहाबेच्या खिडकीतली किरमिजी दोरी म्हणजे ख्रिस्ताचं रक्त, हे तर ठरलेलंच. ही ओढ आजची नाही. पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमच्या क्लेमेंटनं करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रातही ही दोरी आहे. पण ऐकणाऱ्याला वाटतं, हे आपल्याला कधी दिसणार नाही, पाळकसाहेबांनाच दिसतं. तो शास्त्र उघडायचं सोडतो.

आधी नव्या करारानं स्वतः जोडलेला धागा शोधा. मत्तयानं येशूच्या वंशावळीत राहाबेचं नाव घेतलंय. यरीहोची वेश्या प्रभूच्या घराण्यात! एवढं हातात असताना दोरीचा रंग कशाला हवा? रानात मोशेनं उंच केलेल्या पितळी सापाचा धागा तर योहान 3 मध्ये प्रभूनं स्वतःच स्वतःशी जोडलाय.

पत्र कोणाचं, वाचतंय कोण

यिर्मया 29:11 नव्या वर्षाच्या कॅलेंडरवर असतं: देवाच्या मनात तुमच्या हिताचे संकल्प आहेत. त्याच्या आदलं वचन मात्र कोणी छापत नाही. यिर्मयानं बाबेलात धरून नेलेल्यांना पाठवलेल्या पत्रातलं ते वचन सांगतं की परतायला सत्तर वर्षं लागतील. म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण परदेशातच मरणार होते. फिलिप्पैकरांस 4:13 (मला सामर्थ्य देणाऱ्याच्या द्वारे मी सर्वकाही करू शकतो) गाडीच्या काचेवर असतं, जणू पौलानं ते शर्यत जिंकताना लिहिलं. तो बेड्यांत होता, आणि भुकेतही समाधानी राहायला शिकलो असं सांगत होता. आधीची दहा वचनं वाचल्याशिवाय वचन देऊ नका, व्हॉट्सअॅपवरही नाही.

‘सुखी संसाराची पाच सूत्रं’ हा याच घराण्यातला प्रकार. सूत्रं वाईट नसतात, पण ती समुपदेशकही देतो. पतीनं पत्नीवर प्रीती करावी हे सांगताना पौल इफिसकरांस 5 मध्ये थेट वधस्तंभावर जातो: ख्रिस्तानं मंडळीसाठी स्वतःला दिलं तशी. ‘तशी’ गाळलं की उरते ती पाच सूत्रं.

फ्लेक्सवर कोण मोठा?

मंडळीच्या वर्धापनदिनाचा फ्लेक्स लांबून पाहा. पाळकांचा फोटो केवढा, पाहुण्या वक्त्यांचा केवढा आणि वचन कुठल्या कोपऱ्यात? साक्षींचंही तसंच होतं. पाप, व्यसन, अपघात रंगवून सांगितले जातात, मग ‘आज मी इथे उभा आहे’ आणि टाळ्या. नगर भागातल्या ख्रिस्ती मंडळ्यांनी एकोणिसाव्या शतकात कीर्तन आपलंसं केलं. कीर्तनकार आख्यानात कितीही रंगला तरी घेतलेल्या पदाकडे परत येतो, नाहीतर लोक उठून जातात. साक्ष देणाऱ्याला एवढंच सांगावं: परत पदावर ये.

अभिषेकाच्या तेलाच्या बाटल्यांबद्दल बोललं की लोक रागावतात. तरी सांगतो. तो पितळी साप देवानंच करायला सांगितला होता, त्याकडे पाहून लोक वाचलेही होते. पुढे ते त्याच्यापुढे धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीया राजानं त्याचे तुकडे केले (2 राजे 18:4). शास्त्र त्याबद्दल हिज्कीयाला दोष देत नाही, त्याची वाखाणणीच करतं.

सभासदांना सुवार्ता माहीतच आहे, हा समज

ही सगळ्यात खोलवर मुरलेली चूक. आपण सुवार्ता बाहेरच्यांसाठी राखून ठेवतो आणि आतल्यांना वागणूक शिकवतो. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये झाला. पुढे त्यांनी स्वतः लिहिलं की ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचं जीवन असलेला ख्रिस्त सापडला नव्हता, हे आपल्याला आठ वर्षांनी उमगलं. पुढे मूळ भाषांतून मराठी बायबल करणाऱ्या बाईची ही गोष्ट. दृढीकरणाच्या (मंडळीचा पूर्ण सभासद होण्याच्या) वर्गात विश्वासांगीकार, म्हणजे विश्वासाची ठरलेली कबुली, पाठ म्हणून दाखवणाऱ्या पोराला आपण काय धरून चालतो?

दुरुस्तीची एक जागा आधीच ठरवून दिलेली आहे. प्रभुभोजनात आपण त्याच्या मरणाची घोषणा करतो, तो येईपर्यंत. आमच्याकडे ते महिन्याच्या पहिल्या रविवारी, जाहिराती, अर्पण आणि लांबलेला उपदेश उरकल्यावर, घड्याळाकडे बघत व्हायचं. आता त्या दिवशी मी उपदेश पंधरा मिनिटांत आवरतो, म्हणजे भाकर आणि प्याल्यापुढे कोणी घाई करत नाही. पहिल्या महिन्यात कमिटीतले एक ज्येष्ठ दारापाशी हळूच म्हणाले, “पाळकसाहेब, या वेळी तयारीला सवड मिळाली नाही वाटतं.”