फार्म.डी. करायचंय? मग कॉलेजच्या आधी हॉस्पिटल बघा

बारावीचा निकाल लागला की नात्यातली, ओळखीतली मुलं विचारायला लागतात, आणि मुलांपेक्षा जास्त त्यांचे आईबाबा. नीटला मार्क कमी पडले, आता बी.फार्म. घेऊ की फार्म.डी., सहा वर्षं लागतात म्हणे, आणि एवढं करून शेवटी मेडिकलच टाकायचं ना? प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते, कारण फार्म.डी. मी स्वतः केलाय, मला तो मनापासून आवडलाय, आणि चुकीच्या अपेक्षेने आलेली हुशार मुलं तिसऱ्या वर्षात कोमेजलेली पण मी पाहिलीयेत.

आधी कोर्स म्हणजे काय ते. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाने 2008 मध्ये आपल्याकडे फार्म.डी., म्हणजे डॉक्टर ऑफ फार्मसी, सुरू केला. पाच वर्षं शिक्षण आणि सहावं पूर्ण वर्ष हॉस्पिटलमध्ये इंटर्नशिप. बारावी सायन्स, फिजिक्स-केमिस्ट्री हवंच आणि सोबत मॅथ्स किंवा बायो, महाराष्ट्रात एमएचटी-सीईटी द्यायची आणि सीईटी सेलच्या कॅप राउंडला, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीला, कॉलेजांचे ऑप्शन भरायचे, नीट लागत नाही. डी.फार्म. झालेल्यांनाही पहिल्या वर्षाला येता येतं. बी.फार्म. झालं असेल तर पोस्ट बॅक्लॉरिएट म्हणून थेट चौथ्या वर्षाला बसता येतं, म्हणजे तीन वर्षांत होतं. जागा मात्र थोड्या, एका कॉलेजात 30 आणि पोस्ट बॅक्लॉरिएटच्या 10.

बी.फार्म. आणि फार्म.डी. यात मोठं-छोटं काही नाही, दिशा वेगळी आहे. बी.फार्म.चा ओढा औषध तयार करण्याकडे, म्हणजे फॉर्म्युलेशन, क्वालिटी, कंपनी. फार्म.डी.मध्ये औषध तयार झाल्यानंतरचा प्रवास असतो, ते कुठल्या पेशंटला, किती डोसमध्ये, कशासोबत दिलं आणि पुढे त्याचं काय झालं. ज्याला माणसांशी बोलायला आवडत नाही, आजारी माणसाजवळ उभं राहायला नको वाटतं, त्याने खरंच बी.फार्म. घ्यावं, तिथे उत्तम करिअर होतं. आणि नावाआधी डॉ. लागतं म्हणून तर हा कोर्स अजिबात घेऊ नका, कारण डॉ. लागलं तरी प्रिस्क्रिप्शन लिहायचा अधिकार मिळत नाही, आणि ज्याने त्यासाठीच सहा वर्षं काढली त्याला वॉर्डमध्ये रोज त्रास होतो.

आता मुख्य मुद्दा. ऑप्शन भरताना लोक कॉलेजची बिल्डिंग बघतात, कटऑफ बघतात, हॉस्टेल बघतात, आणि हॉस्पिटल कुणी बघतच नाही. नियमाप्रमाणे फार्म.डी. चालवायला कॉलेजकडे निदान 300 बेडचं हॉस्पिटल हवं, स्वतःचं किंवा करार केलेलं. कागदावर ते सगळ्यांकडे असतं. पण कागदावरच्या 300 बेडमध्ये आणि तुम्हाला रोज उभं राहता येईल अशा वॉर्डमध्ये जमीनअस्मानाचा फरक असू शकतो. काही ठिकाणी मुलांना आठवड्यातून एखाद दिवशी बसने नेतात, तासभर फाईली उतरवून घेतात आणि परत आणतात. काही ठिकाणी फार्मसी प्रॅक्टिसचं डिपार्टमेंटच हॉस्पिटलच्या आत असतं, सर-मॅडम स्वतः कन्सल्टंटबरोबर राउंडला जातात, ड्रग इन्फर्मेशनसाठी डॉक्टर त्यांना विचारतात, औषधांचे दुष्परिणाम नोंदवणारं एडीआर मॉनिटरिंग सेंटर चालू असतं. तुम्हाला दुसऱ्या प्रकारचं कॉलेज हवंय, मग ते थोडं लांब असलं तरी चालेल.

हे कळणार कसं? ऑफिसात विचारू नका, तिथे सगळं छानच सांगतात. चौथ्या-पाचव्या वर्षाच्या मुलांना कॅन्टीनमध्ये गाठा आणि सरळ विचारा की मेडिसिनच्या राउंडला कोण नेतं, केस शीट पूर्ण बघायला मिळते का, पेशंटशी बोलू देतात का. आणि जमलं तर हॉस्पिटलमध्ये जाऊन वॉर्डच्या सिस्टरना विचारा, फार्म.डी.ची मुलं कुठे असतात हो? त्यांनी लगेच बोट दाखवलं तर चांगलं लक्षण. कोणती मुलं, असा उलटा प्रश्न आला तर काय ते समजून जा.

पहिली तीन वर्षं बरीचशी वर्गात आणि लॅबमध्ये जातात. पहिल्या वर्षी अ‍ॅनाटॉमी-फिजिओलॉजी, बायोकेमिस्ट्री, ऑरगॅनिक, इनऑरगॅनिक, आणि बारावीला मॅथ्स घेतलेल्यांना बायो, बायोवाल्यांना मॅथ्स. परीक्षा वार्षिक, पासिंग 50 टक्के, त्यामुळे दिवाळीपर्यंत निवांत राहणाऱ्यांचं पुढे कठीण होतं. दुसऱ्या वर्षातले पॅथोफिजिओलॉजी (आजारात शरीरात काय बिघडतं) आणि फार्माकॉलॉजी (औषध शरीरात कसं काम करतं) हे दोन विषय जीव तोडून करा, पुढची सगळी इमारत त्यांच्यावर आहे. आणि ते वेगवेगळे वाचू नका. हार्ट फेल्युअरमध्ये अंगावर सूज का येते हे वाचलं की त्याच बैठकीत फ्युरोसेमाइड, म्हणजे लघवी वाढवून सूज उतरवणारं औषध, कुठे काम करतं ते वाचा, मग त्याने पोटॅशियम का उतरतं ते आपोआप डोक्यात बसतं, पाठ करावं लागत नाही. तिसऱ्या वर्षी मेडिसिनल केमिस्ट्री, अ‍ॅनालिसिस वगैरे असतं, तेव्हा बऱ्याच जणांना वाटतं आपण इथे का आलो. तेवढं वर्ष काढा.

चौथ्यापासून खरा कोर्स सुरू होतो. वॉर्डमध्ये काय काम असतं हे सांगितल्याशिवाय कळणार नाही म्हणून एक केस सांगते. मेडिसिन वॉर्डमध्ये एक आजी आल्या होत्या, शुगर एकदम खाली जाऊन घेरी आलेली. सलाईनमधून ग्लुकोज देऊन शुद्धीवर आल्या, केस पेपरवर घरच्या औषधांत डायबेटिसची एकच गोळी लिहिलेली, ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनची. त्या गोळीचा डोस काही फार नव्हता. आमच्या मॅडमनी सांगितलं, आजींची औषधाची पिशवी बघा. "आजी, घरनं आणलेल्या गोळ्या दाखवता का जरा?" म्हटल्यावर त्यांनी उशाखालून प्लास्टिकची पिशवी काढली. त्यात दोन स्ट्रिप होत्या, एक गावातल्या डॉक्टरांची आणि एक शहरात मुलाकडे आल्यावर नव्या डॉक्टरांनी दिलेली, ब्रँड वेगळे, रंग वेगळे, पण मागे बारीक अक्षरात नाव वाचलं तर आत औषध तेच. आजी बिचाऱ्या दोन्ही इमानेइतबारे घेत होत्या, एक सकाळी आणि एक "ही पण शुगरचीच म्हणून" संध्याकाळी. त्यात जेवण कमी, आणि रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे किडनीचं काम मंदावल्याची खूण. किडनी मंद असली की ही औषधं शरीरात जास्त वेळ राहतात आणि शुगर पुन्हा पुन्हा खाली जाऊ शकते, म्हणून एकदा ग्लुकोज दिलं आणि घरी सोडलं असं करून चालत नाही, लक्ष ठेवावं लागतं. मॅडमनी युनिटच्या डॉक्टरांना दोन्ही स्ट्रिप दाखवल्या, त्यांनी लगेच ट्रीटमेंट बदलली. मग डिस्चार्जच्या दिवशी मुलाला बसवून सगळं समजावलं, जुनी स्ट्रिप बाजूला काढायला लावली आणि पाकिटावर सूर्य-चंद्र काढून दिले कारण आजींना वाचता येत नव्हतं.

या सगळ्यात अवघड असं काहीच नाही ना? पण ती पिशवी कुणीतरी उघडायला लागते, आणि वॉर्डमध्ये साठ पेशंट बघणाऱ्या रेसिडेंटला तेवढा वेळ नसतो. आपलं काम तिथे आहे.

डॉक्टरांशी बोलायचं कसं हेही शिकावं लागतं. "हे चुकलंय" म्हणून कधी जायचं नाही. पेशंटचा रिपोर्ट हातात, संदर्भ तयार आणि सोबत पर्याय, "सर, यांचं क्रिएटिनिन वाढलंय, या डोसचं एकदा बघाल का" एवढंच. काही जण ऐकतात, काही जण तोडून टाकतात, दुसऱ्या दिवशी परत जायचं. आणि पेशंटशी मराठीत बोलायची प्रॅक्टिस घरीच करा. अनशापोटी कुठली गोळी, इनहेलर दाबताना श्वास हळू आत ओढून दहा आकडे मोजेपर्यंत धरायचा, स्टिरॉइडचा असेल तर नंतर चूळ भरायची, हे आपल्या आजोबांना समजावता आलं की वॉर्डमध्ये घाबरायला होत नाही.

एडीआर रिपोर्टिंग, म्हणजे औषधांच्या दुष्परिणामांची नोंद, पहिल्यापासून मनावर घ्या. अंगावर पुरळ आलं तर ते औषधानेच आलं का हे ठरवायला नरांजो स्केल असतो, दहा प्रश्न, 9 किंवा जास्त स्कोर आला तर नक्की, 5 ते 8 म्हणजे बहुधा. तुम्ही भरलेला फॉर्म फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्राममधून, म्हणजे दुष्परिणामांवर लक्ष ठेवणाऱ्या देशभरच्या यंत्रणेतून, गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनपर्यंत जातो. आणि पुढे नोकरीत हेच सगळ्यात जास्त उपयोगी पडतं.

नोकरीचं स्पष्ट सांगते, इथे गोड बोलणं बरोबर नाही. हॉस्पिटलमध्ये क्लिनिकल फार्मासिस्टच्या जागा हळूहळू वाढतायत, एनएबीएचवाली, म्हणजे दर्जाचं मानांकन मिळालेली, मोठी हॉस्पिटलं घेतात, पण जागा अजून कमी आणि सुरुवातीचा पगार सहा वर्षांच्या मानाने कमीच वाटतो. त्यामुळे बरीच मुलं पुण्या-मुंबईत फार्माकोव्हिजिलन्समध्ये जातात, दिवसभर कॉम्प्युटरवर दुष्परिणामांच्या केसेस प्रोसेस करणं, नॅरेटिव्ह म्हणजे केसची हकीकत लिहिणं, मेड्रा कोडिंग म्हणजे दुष्परिणामांना ठरलेल्या यादीतली नावं देणं. काही जण क्लिनिकल रिसर्च किंवा मेडिकल रायटिंगमध्ये जातात, काही शिकवतात. कमीपणा कशातच नाही, फक्त अ‍ॅडमिशन घेतानाच हे घरी सगळ्यांना माहीत असू द्या, विशेषतः कर्ज काढणार असाल तर. इंटर्नशिपला स्टायपेंड मिळतो का हेही आधीच विचारा, बऱ्याच ठिकाणी मिळत नाही आणि ते वर्ष फुल टाइम असतं, सहा महिने मेडिसिन आणि मग तीन डिपार्टमेंटमध्ये दोन-दोन महिने.

अमेरिकेत फार्मासिस्ट व्हायचं मनात असेल तर एक फायदा आहे. 2003 नंतर पास झालेल्या परदेशी पदवीधरांना तिथे निदान पाच वर्षांचा फार्मसी कोर्स लागतो, त्यामुळे चार वर्षांचं बी.फार्म. चालत नाही, आपला फार्म.डी. चालतो. मात्र पदवी मिळाली म्हणजे झालं असं नाही, टोफेल ही इंग्रजीची परीक्षा, एफपीजीईई ही परदेशी फार्मसी पदवीधरांची परीक्षा, इंटर्न म्हणून तास, मग नॅपलेक्स ही लायसन्सची परीक्षा आणि बहुतेक राज्यांत कायद्याची वेगळी परीक्षा. हे डोक्यात असलेल्यांनी प्रत्येक वर्षाची मार्कशीट आणि सिलॅबसची सही-शिक्क्याची प्रत तेव्हाच्या तेव्हा घेऊन ठेवायची, इंटर्नशिपची लॉगबुक पोस्टिंग संपेल तशी सही करून घ्यायची, आणि पास झाल्यावर महाराष्ट्र स्टेट फार्मसी कौन्सिलचं रजिस्ट्रेशन लगेच करायचं. कॉलेज सोडून दोन वर्षं झाल्यावर यातल्या एका कागदासाठी किती फेऱ्या माराव्या लागतात ते माझ्या बॅचमधल्या कुणालाही विचारा.