डीटीपीसाठी नवा कॉम्प्युटर घेताय? या चुका टाळा

ऐन लग्नसराईत सांगलीच्या एका मित्राने प्रेसच्या डीटीपीसाठी, म्हणजे छपाईची पानं कॉम्प्युटरवर लावायला, नवा लॅपटॉप घेतला. 16 जीबी रॅम, एसएसडी, सगळं झकास. गेल्या वर्षीची पत्रिका उघडली, तर ‘चि.सौ.कां.’च्या जागी डॉलर, कंस आणि आडव्या रेघा! मराठी फॉन्टचं पॅकेज डोंगलशिवाय, म्हणजे कॉम्प्युटरला जोडायच्या परवान्याच्या किल्लीशिवाय, सुरू होत नव्हतं, आणि डोंगल 25 पिनांच्या जुन्या पोर्टात बसणारं. नव्या लॅपटॉपला तो पोर्टच नाही. शेवटी माळ्यावरचा पीसी खाली काढला, तेव्हा पत्रिका छापून झाल्या.

पहिली चूक हीच, रॅम आणि प्रोसेसर बघून मशीन ठरवायचं. मशीन कितीही भारी असलं, तरी आपलं सॉफ्टवेअर त्यावर चालायला हवं. नोकियाच्या ल्युमिया 1020 ला 2013 मध्ये 41 मेगापिक्सेलचा कॅमेरा होता, पण फोन बाजारात आला तेव्हा त्यावर इन्स्टाग्रामचं अधिकृत अ‍ॅपही नव्हतं. एवढ्या चांगल्या कॅमेऱ्याचे हाल झाले, याचं मला आजही वाईट वाटतं.

स्नॅपड्रॅगनच्या, म्हणजे मोबाइलसारख्या एआरएम प्रोसेसरच्या, विंडोज लॅपटॉपबाबत जास्त जपा. नेहमीची बरीच सॉफ्टवेअर त्यावर चालतात, पण ड्रायव्हर, म्हणजे जोडलेलं यंत्र चालवणारं छोटं सॉफ्टवेअर, मात्र एआरएमसाठीच बनवलेला लागतो. प्रिंटर, डोंगल, डिजिटल सहीचं टोकन नेमकं इथेच अडतं. विंडोज 11 तर फक्त 64 बिटमध्येच येतं, त्यामुळे 16 बिटचे जुने इन्स्टॉलर त्यावर सुरूच होत नाहीत.

दुसरी चूक फायलींची. जुने मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या कोडवर मराठी आकार बसवतात. फाइलमध्ये ‘क’ नसतोच, असतात इंग्रजी चिन्हं. फॉन्ट गेला की तीच उघडी पडतात. त्यामुळे मजकूर आधी कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये, म्हणजे ‘क’ला स्वतःचा कोड असलेल्या पद्धतीत, आणा आणि मग डोळ्यांनी वाचा. रफार, ‘ऱ्या’, ‘ऱ्हा’ आणि जोडाक्षरं हमखास घोटाळा करतात. युनिकोड मजकूर पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरला झेपत नाही, त्यासाठी इनडिझाइन घ्या. तिथेही जोडाक्षरं तुटली, तर त्यातली वर्ल्ड-रेडी कंपोझर ही सेटिंग निवडा.

जुना पीसी एक्स्चेंजमध्ये देऊन टाकू नका. निदान एक सीझन दोन्ही मशीन शेजारी चालू द्या.

आणि दुकानात जाताना पेन ड्राइव्हवर एक पत्रिका, एक बिलबुक आणि सोबत तुमचं डोंगल न्या. पैसे देण्याआधी तिथेच फाइल उघडा, एक ओळ टाइप करा, प्रिंट काढा.