एडटेकमध्ये प्रॉडक्ट इंटर्नशिप करताय? या चुका टाळा

एडटेकमध्ये, म्हणजे शिक्षणाची ॲप बनवणाऱ्या कंपन्यांत, इंटर्नच्या पहिल्या सादरीकरणात मला बहुतेक वेळा एकच ओळ दिसते: ‘एंगेजमेंट (ॲपचा वापर) वाढवणे’. कोणाची वाढवायची, कशासाठी आणि वाढून पुढे काय होणार, याचा पत्ता नसतो. शिक्षणाच्या प्रॉडक्टमध्ये ही घाई फार महागात पडते. इथे एखादा विद्यार्थी रोज ॲपवर येतो, खूश असतो, पाच स्टार देतो आणि तरीही काही शिकलेला नसतो. हे एकदा नीट समजलं की खालच्या निम्म्या चुका होतच नाहीत.

धडा संपला म्हणजे मूल शिकलं, असं धरणं

ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की तिच्यावर सविस्तरच लिहिते.

अपूर्णांकांची बेरीज शिकवणाऱ्या एका ॲपवर आमची टीम काम करत होती. वेगळे छेद असलेली गणितं आली की मुलं धडा अर्धवट सोडून जातात, हे डॅशबोर्डवर (वापराचे आकडे दाखवणाऱ्या स्क्रीनवर) स्पष्ट दिसत होतं. एका हुशार इंटर्नने उपाय सुचवला: दोनदा चुकलं की बरोबर उत्तर दाखवायचं आणि पुढच्या प्रश्नावर न्यायचं. बदल छोटा होता, इंजिनिअर लगेच तयार झाले. रिलीजनंतर धडा पूर्ण करणाऱ्यांचा आकडा झपाट्याने वर गेला आणि सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं. मग एका शिक्षिकेचं सपोर्ट तिकीट, म्हणजे मदतीसाठीची लेखी तक्रार, आलं. मुलांचे सगळे धडे ॲपवर पूर्ण दिसतात, पण वर्गात फळ्यावर १/२ + १/३ लिहिलं की कोणालाच येत नाही.

आम्ही लॉग, म्हणजे मुलांनी ॲपवर काय काय दाबलं त्याच्या नोंदी, उघडले. बदलाच्या आधी या गणिताला चुकणारी मुलं बहुतेक वेळा २/५ निवडत होती. ही चूक गणिताच्या कोणत्याही शिक्षकाच्या ओळखीची आहे: अंशात अंश आणि छेदात छेद मिळवला की २/५ येतात. उत्तर चुकीचं असलं तरी त्यामागे मुलाचा विचार आहे, आणि तिथूनच शिकवता येतं. २/५ तर अर्ध्याहूनही कमी. मग अर्ध्यात आणखी काही मिळवल्यावर ते कमी कसं झालं? बदलानंतर मात्र २/५ जवळपास नाहीसं झालं. मुलं वरचा पर्याय दाबत होती, तो चुकला की त्याखालचा, आणि तेही प्रश्न वाचून होण्याआधीच. दोन टॅप केले की उत्तर आपोआप मिळतं, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

हे वागणं नवं नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठात रायन बेकर आणि सहकाऱ्यांनी संगणकावर गणित शिकणाऱ्या मुलांचं वर्गात बसून निरीक्षण केलं आणि २००४ मध्ये निष्कर्ष मांडले. मदतीचं बटण सारखं दाबून किंवा अंदाजपंचे उत्तरं देऊन पुढे सरकणारी मुलं कमी शिकत होती. वर्गात गप्पा मारत बसण्यापेक्षाही या सवयीचा आणि कमी शिकण्याचा संबंध ठळक होता. म्हणजे स्क्रीनवर बोट चालतंय यावरून काहीच सिद्ध होत नाही.

आम्ही थेट उत्तर दाखवणं बंद केलं. दोनदा चुकलं की त्याच प्रकारचं एक सोडवलेलं उदाहरण दाखवायचं आणि मग वेगळे आकडे घालून नवा प्रश्न द्यायचा. पूर्ण करणाऱ्यांचा आकडा खाली आला आणि तो का आला हे वरिष्ठांना समजावताना दमछाक झाली. पण फळ्यावरचं गणित सुटायला लागलं.

माझी सवय सांगते. वहीत दोन रकाने आखते. डावीकडे वापराचं मेट्रिक (मोजमाप), उजवीकडे शिकण्याचं: आठवड्याभराने, कोणत्याही मदतीशिवाय, तसाच प्रश्न मुलाला सुटतो का? उजवा रकाना रिकामा असेल तर डाव्याबद्दल मी बोलत नाही. यावर इंटर्न म्हणतात, इंटर्नशिपमध्ये आठवडाभर थांबायला वेळ कुठे असतो? पहिल्याच आठवड्यात मोजणीची सोय लावली तर वेळ पुरतो. शेवटच्या आठवड्यात आठवण झाली तर पुरत नाही.

‘हे फीचर आवडेल का?’ असं विचारणं

आवडेल, असंच उत्तर येतं. मुलांना समोरच्या मोठ्या माणसाला खूश करायचं असतं आणि पालकांना आपण जागरूक आहोत हे दाखवायचं असतं. प्रगतीचा सविस्तर अहवाल दर आठवड्याला हवा, असं पालक मुलाखतीत अगदी ठामपणे सांगतात. नंतर तो ईमेल उघडणारे थोडेच निघतात. म्हणून ‘कराल का’ विचारूच नका, मागच्या वेळी काय केलं ते विचारा. ‘मुलाचा अभ्यास शेवटचा कधी तपासला? कसा तपासला? ते दाखवाल का?’ त्याहून चांगलं म्हणजे मूल अभ्यास करत असताना शेजारी गप्प बसा. ते अडकलं की मदत करायला तुमचा हात पुढे जाईल. तो आवरा. मूल कुठे थांबतं, कुठे मागे जातं, कधी वही काढतं, हे सगळं त्या शांततेतच दिसतं.

विद्यार्थ्यांच्या नुसत्या रेटिंगवरही मी विसंबत नाही. हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या वर्गांवर झालेला एक प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वतः प्रश्न सोडवत शिकलेल्या विद्यार्थ्यांना आपण कमी शिकलो असं वाटत होतं, पण चाचणीत तेच पुढे होते. छान व्याख्यान ऐकलेल्यांचं नेमकं उलट. नीट शिकताना कष्ट पडतात आणि त्या कष्टांना स्टार कमी मिळतात.

मुलाखतीचं रेकॉर्डिंग न ऐकता एआयकडून सारांश काढून घेणाऱ्यांना माझं स्पष्ट सांगणं आहे: पहिल्या काही मुलाखती तरी स्वतः पूर्ण ऐका. ‘समजलं ना?’ या प्रश्नानंतर मूल किती वेळ गप्प होतं, ते सारांशात येत नाही.

एबी टेस्ट तिसऱ्या दिवशी थांबवणं

एबी टेस्ट म्हणजे विद्यार्थ्यांचे दोन गट करायचे, एकाला जुनं आणि दुसऱ्याला नवं रूप दाखवायचं आणि तुलना करायची. होतं असं, की रोज डॅशबोर्ड उघडायचा आणि आकडा हिरवा दिसला की विजय जाहीर करायचा. असं रोज डोकावून मनासारखं दिसेल तिथे थांबलं, तर निव्वळ योगायोगालाही यश समजण्याची शक्यता खूप वाढते. आधी हिशेब करा. समजा ५% विद्यार्थी एखादी गोष्ट करतात आणि ती ५.५% वर गेली का हे तपासायचं आहे. नेहमीच्या निकषांनी, म्हणजे ५% सिग्निफिकन्स (फरक नसताना तो आहे असं समजण्याची शक्यता) आणि ८०% पॉवर (खरा फरक असेल तर तो पकडण्याची शक्यता) धरून, प्रत्येक गटात साधारण ३१,००० विद्यार्थी लागतात. तुमच्याकडे एकूण दोन हजार असतील तर ती टेस्ट लावूच नका. दहा विद्यार्थ्यांशेजारी बसा, जास्त कळेल.

शिक्षणात आणखी दोन अडचणी असतात. एकाच वर्गातली मुलं एकमेकांना स्क्रीन दाखवतात, त्यामुळे गट विद्यार्थीवार पाडले तर ते एकमेकांत मिसळतात. शक्य असेल तिथे वर्गवार पाडा. आणि परीक्षेच्या आधीचे आठवडे व सुट्टीचे आठवडे एकमेकांशी ताडू नका. परीक्षेने वाढवलेला वापर तुमच्या नव्या बटणाच्या खात्यात जमा होतो.

थोडक्यात सांगण्यासारख्या बाकीच्या चुका

पैसे पालक किंवा शाळा देते, ॲप मूल वापरतं आणि वर्गात ते उघडायचं की नाही हे शिक्षक ठरवतात. प्रत्येक कल्पनेपुढे या तिघांपैकी कोणासाठी, ते लिहा.

कोणती कल्पना आधी घ्यायची हे ठरवणाऱ्या प्राधान्यक्रमाच्या तक्त्यात ‘खात्री ८०%’ लिहिलंत तर तो आकडा कुठून आला हे सांगता आलं पाहिजे. नसेल सांगता येत तर रकाना कोरा ठेवा.

स्पर्धकाचं फीचर दिसलं म्हणून उचलू नका. त्यांना ते काढून टाकायचं आहे का, हे तुम्हाला माहीत नसतं.

आपल्याच प्रॉडक्टमधले धडे स्वतः सोडवा, सगळे. हे टाळणारे इंटर्न मला पहिल्या बैठकीतच ओळखू येतात.

जुन्या, कमी मेमरीच्या फोनवर आणि कमकुवत नेटवर्कवर चालवून पाहा.

‘छोटासा बदल आहे’ हे इंजिनिअरला तुम्ही सांगू नका. त्यांना विचारा.

सपोर्ट तिकिटं रोज सकाळी वाचा, चहाआधी.

मुलांचा डेटा ‘पुढे उपयोगी पडेल’ म्हणून गोळा करू नका. अमेरिकेच्या कोप्पा (मुलांच्या ऑनलाइन खासगीपणाच्या) कायद्यात १३ वर्षांखालील मुलांची माहिती गोळा करायला पालकांची संमती लागते. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात तर १८ वर्षांखालचा प्रत्येकजण मूल आहे. जन्मतारखेचा रकाना टाकण्याआधी कायदा पाहणाऱ्या टीमकडे जा.

शेवटच्या दिवशी फक्त चकचकीत सादरीकरण सोडून जाऊ नका. कोणता प्रयोग अजून चालू आहे, तो कधी बंद करायचा, आठवड्यानंतरच्या चाचणीचे आकडे कोण पाहणार, आणि कोणती कल्पना का सोडून दिली, एवढं एका पानावर लिहून टीममधल्या एका माणसाच्या हातात द्या आणि त्याच्याकडून ते तुमच्यासमोर वाचून घ्या.