बाळाचा संवाद घरी कसा तपासावा

‘अजून बोलत नाही’ ही काळजी बहुधा दीड-दोन वर्षांच्या सुमारास सुरू होते. बोलण्याची तयारी मात्र पहिल्या काही महिन्यांतच दिसू लागते. म्हणून शब्द सगळ्यात शेवटी मोजा.

१. आधी वय नीट धरा. बाळ वेळेआधी जन्मलं असेल, तर दोन वर्षांपर्यंत तेवढे आठवडे वयातून वजा करायचे. पोट भरलेलं, झोप झालेली आणि टीव्ही-मोबाइल बंद, अशा वेळी पाहा. एकाच दिवसावर निकाल नको; आठवडाभर टिपणं ठेवा, छोटे व्हिडिओ घ्या.

२. ऐकणं पाहा. टाळी वाजवल्यावर बाळ वळलं की घरचे निर्धास्त होतात. पण हाताची हालचाल दिसूनही ते वळतं, आणि मोठा आवाज ऐकू येणाऱ्या बाळालाही बोलण्यातले बारीक आवाज निसटू शकतात. ऐकू न येणारी बाळंसुद्धा सुरुवातीला हुंकार देतात. शंका असेल तर श्रवणतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्या. ती तान्ह्या बाळाचीही होते.

३. देवाणघेवाण पाहा. माझ्या मते खरी तपासणी हीच. तुम्ही आवाज काढून थांबलात, तर ते उत्तर देतं का? वर्षाच्या आसपास नावाला वळतं का, हात उंचावून ‘घे’ म्हणतं का? बोट दाखवण्याचे दोन प्रकार असतात. उंचावरचं खेळणं हवं म्हणून दाखवलेलं बोट वेगळं. उडणारा पक्षी तुम्हीही पाहावा म्हणून बोट दाखवणं आणि मग तुमच्या चेहऱ्याकडे बघणं वेगळं. हा दुसरा प्रकार आवर्जून टिपा.

४. समज पाहा. वर्ष उलटल्यावर ‘चेंडू दे’ म्हणा, पण हात पुढे करू नका, चेंडूकडे बघूही नका. नाहीतर बाळाला शब्द कळला की खूण, हे समजत नाही.

५. आता शब्द. कुत्र्याला दरवेळी ‘भू’ म्हणत असेल तर तो शब्दच. घरात दोन भाषा असतील तर दोन्हींतले शब्द एकत्र मोजा. दोन वर्षांपर्यंत साधारण 50 शब्द आणि ‘बाबा ये’ अशा जोड्या अपेक्षित असतात.

बारा महिन्यांपर्यंत बडबड किंवा हातवारे नाहीत, सोळाव्या महिन्यापर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत स्वतःहून दोन शब्द जोडत नाही, यांपैकी काहीही असेल तर बालरोगतज्ज्ञांना भेटा. ‘मुलगे उशिराच बोलतात’ हे ऐकून थांबू नका. आधी येणारे शब्द किंवा खुणा बंद पडल्या, तर वय काहीही असो, लगेच जा. टिपणं आणि व्हिडिओ सोबत न्या; दवाखान्यात बाळ गप्प बसलं तर तेच कामी येतात.