हात जवळ नेला की ४०१७ चेसरचे एलईडी उड्या मारतात: माझा अनुभव

चवथीच्या मखरासाठी ५५५ (ठोके देणारी टायमर आयसी) आणि सीडी ४०१७ (ते ठोके मोजणारी आयसी) वर दहा एलईडींचा चेसर, म्हणजे एकामागून एक पेटणारे दिवे, ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता भोकांत वायरी खोचायचा बोर्ड) जोडला होता. दिवे मध्येच थांबायचे, नाहीतर दोन-तीन घरं ओलांडून पुढे जायचे. बोर्डजवळ हात नेला की जास्तच. दोन्ही आयसी बदलल्या, अ‍ॅडॅप्टर बदलला, वायरी आखूड केल्या, फरक शून्य. अक्षरशः जीव मेटाकुटीला आला.

शेवटी या क्रमाने सुटलं.

आधी ५५५ च्या ३ नंबर पिनवरून १ किलोओहममधून एक एलईडी ग्राउंडला लावला. तो एकसारखा लुकलुकत होता, म्हणजे ५५५ निर्दोष. मग सप्लाय काढून मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (जोडणी असली की बीप वाजतो त्या मोडवर) ठेवला. काळा प्रोब अ‍ॅडॅप्टरच्या निगेटिव्हवर, लाल ४०१७ च्या ८ (ग्राउंड), १५ (रीसेट) आणि १३ या पिनांवर; या तिन्ही निगेटिव्हला जोडलेल्या हव्यात. प्रोब आयसीच्या पायालाच टेकवा, ब्रेडबोर्डच्या भोकात नको. खरी गोम तिथेच आहे. ८ आणि १५ वाजले, १३ गप्प! वायर भोकात होती, पण आतली पट्टी हिरवट पडलेली. गोव्याच्या पावसाळ्यात हे हमखास होतं.

१३ म्हणजे क्लॉक इनहिबिट, म्हणजे मोजणी रोखणारी पिन. ती लोंबकळत राहिली तर हाय (सप्लायच्या व्होल्टेजजवळ) होऊन मोजणी थांबू शकते, आणि क्लॉक (५५५ चा ठोका) हाय असताना ती लो (ग्राउंडजवळ) झाली तर एक पाऊल जादा पडतं.

सर्किट झीरो पीसीबीवर (भोकं असलेला, सोल्डर करायचा बोर्ड) घेतलं, १३ थेट ८ ला सोल्डर केली, १६ (सप्लाय) आणि ८ मध्ये ०.१ मायक्रोफॅरड सिरॅमिक कपॅसिटर आयसीला चिकटून लावला. आता बोर्डाला हात लावला तरी क्रम चुकत नाही.