घरातल्या माणसाला पोलिसांनी नेलं तर काय करावं?

रात्री साडेनऊला फोन येतो, "तुमच्या पोराला पोलीस घेऊन गेले." घरात रडारड सुरू होते. कुणी ओळखीच्या नगरसेवकाला फोन लावतं, कुणी नुसतीच गाडी काढून पोलीस ठाण्याकडे धावतं. त्या गडबडीतही आधी घड्याळ बघा. कुठून नेलं, किती वाजता नेलं, सोबत कोण होतं, हे वहीत लिहा. पुढचं बरंचसं त्या वेळेवर ठरतं.

मग विचारा, अटक केली का चौकशीला बोलावलंय? या दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात अटकेची गरज नसेल, तर पोलिसांनी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (अटक-तपासाचे नियम सांगणारा कायदा) कलम 35(3) खाली नोटीस द्यायची असते. नुसता "जरा येऊन जा" असा फोन आला तर लेखी नोटीस मागा, शांतपणे मागा. ही नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये सांगितलंय. रीतसर नोटीस हातात आली की मात्र जायचंच, टाळलं तर त्याच कारणाने अटक होऊ शकते. साक्षीदार म्हणून बोलावलं असेल तर बायका, 60 वर्षांवरचे पुरुष, 15 वर्षांखालची मुलं, अपंग आणि गंभीर आजारी माणसं यांना ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही. त्यांचा जबाब राहत्या घरी घ्यायचा. हे फार थोड्यांना ठाऊक असतं, म्हणून घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच सांगून ठेवा.

अटकच झाली असेल तर संविधानाचं कलम 22 आठवा. अटकेचं कारण सांगायलाच हवं, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर 2025 च्या निकालानुसार ते लेखी, त्या माणसाला समजेल अशा भाषेत. आपल्या पसंतीचा वकील गाठायचा हक्क आहे. घरच्यांना किंवा त्याने नाव दिलेल्या माणसाला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. आणि 24 तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभं करावंच लागतं. शनिवारी सायंकाळी सहाला पकडलं तर रविवारी सायंकाळी सहाच्या आत. सुट्टीचं कारण चालत नाही. पुण्यात पकडून कोल्हापूरच्या कोर्टात आणलं, तर फक्त प्रवासाचा वेळ यातून वगळतात. कागदावर अटक उशिराची दाखवली गेली, तर तुम्ही वहीत लिहिलेली वेळ वकिलाच्या हातात द्या.

बाईला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. अपवाद करायचा तर महिला अधिकारी हवी आणि न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी हवी.

आत असलेल्या माणसाला एवढंच कळवा : खरं नाव-पत्ता सांग, कोऱ्या कागदावर सही करू नकोस. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती आरोपीवर करता येत नाही, हे संविधानाचं कलम 20(3). पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. मारहाण झाली असेल तर कोर्टात उभं करताच न्यायदंडाधिकारी साहेबांना तोंडाने सांगायचं, वैद्यकीय तपासणी मागायची. तिथे भीतीपोटी गप्प बसू नका, हे मी हात जोडून सांगतो.

वकिलाला पैसे नाहीत? कोठडीतल्या माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातींनाही तेच लागू. कोल्हापुरात असाल तर कसबा बावड्यातल्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, किंवा 15100 वर फोन करा.

एक सावधगिरी : प्रतिबंधात्मक कायद्याखाली (पुढे काही घडू नये म्हणून आधीच) स्थानबद्ध केलं असेल तर 24 तासांचा नियम लागू नाही. तिथे कारणं मागायची आणि लगेच लेखी निवेदन द्यायचं.

24 तास उलटले, माणूस कुठे आहे तेही कुणी सांगत नाही, अशी वेळ आली तर संविधानाच्या कलम 226 खाली उच्च न्यायालयात बंदी प्रत्यक्षीकरणाची, म्हणजे "माणसाला कोर्टापुढे हजर करा" अशी याचिका करता येते. पूर्वी त्यासाठी कोल्हापूर भागातल्या लोकांना मुंबई गाठावी लागायची. चार दशकांहून जास्त काळ चाललेल्या लढ्यानंतर 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच, सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत बसतं. सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या लोकांनीही इथेच यायचं. जाताना नातं दाखवणारा कागद, ठाण्यात दिलेल्या अर्जाची पोच आणि ती वही सोबत घ्या.